पानी फुटलं गं, दारं मोड

मार्गशीर्ष लागला की मला राग येतो. इतरांना या दिवसांत हुरडा आठवतो, शेकोटी आठवते, कुणाला बाजरीची भाकरी आणि गूळ हवासा होतो. मला राग येतो. सकाळी धुकं अजून ओढ्यावरून हललेलं नसतं, तोवर कांद्याच्या रोपाच्या जुड्या भरलेली पिकअप आमच्या दारावरून जाते आणि मागे तो ओला, उग्र, हिरवा वास सोडून जाते. तो नाकात शिरला की हातातला चहा निवून जातो. बारा वर्षांपूर्वीच्या अशाच एका मार्गशीर्षात मी एक वाक्य बोलले होते. ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. रागाचा पहिला वाटा त्या वाक्याचा, उरलेला गावाचा.

माझं माहेर लोणी, आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेकडचं. तिकडे माझ्या लहानपणी पाणी कमी आणि माणसं मोजकं बोलणारी. लग्न होऊन इकडे जुन्नरात, डिंगोऱ्याच्या अलीकडच्या या गावात आले, तेव्हा दोन गोष्टींनी दचकले होते. एक म्हणजे बारमाही वाहणारा पाट, आणि दुसरी म्हणजे साळूबाईचा आवाज. पाटाची सवय झाली. मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, गावातल्या निम्म्या लोकांना पाढे माझ्यामुळे येतात आणि निम्म्यांना माझ्यामुळे येत नाहीत. सगळे मला 'बाई' म्हणतात. साळूबाईच्या आवाजाची सवय मात्र कधी झाली नाही, आणि आता व्हावी असंही वाटत नाही.

साळूबाई वर डोंगरातली, भाताच्या खाचरांतली. लग्नानंतर खाली आली, तिच्याबरोबर आवणीची, म्हणजे भाताची रोपं लावतानाची गाणी आली. इकडे भात कमी, कांदा उदंड. म्हणून तिने भाताची गाणी कांद्याला लावली. वाफ्यात बसून ती 'खाचर' म्हणते आणि कुणाचं काही बिघडत नाही. तिची लागणीची टोळी तेव्हा अठरा बायांची होती. ओल्या वाफ्याच्या दोन कडांना नऊ-नऊ बाया समोरासमोर उकिडव्या बसायच्या. डाव्या हातात रोपाची जुडी, उजव्या अंगठ्याने चिखलात टोचून रोप उभं करायचं, आणि मागे न बघता सरकायचं. दोन्ही रांगा बरोबरीने सरकल्या तर वाफा सरळ लागतो. एक रांग पुढे गेली की मधल्या ओळी वाकड्या होतात आणि शेताचा मालक बांधावरून कुरकुरतो.

बरोबरी राखायला गाणं. म्हाताऱ्या, जाड गळ्याच्या बाया एका कडेला. त्यांना टोळीत 'बुडखा' म्हणायचे. तरण्या, उंच गळ्याच्या समोर; त्या 'शेंडा'. उसाचा असतो तसा बुडखा आणि शेंडा. बुडखा ओळ उचलायचा, ती संपायच्या आत शेंडा तीच ओळ वरून घ्यायचा, आणि खालचा सूर खाली चालूच. साळूबाई वयाने बुडख्याची, पण बसायची शेंड्यात.

खाचरात पाणी, पाण्यात आभाळ,
आभाळात रोवते बाई, हिरवी माळ.

एका वेळी दोन सूर, एकावर एक. माझ्या शाळेच्या प्रार्थनेत मुलं असं गायली असती तर मी प्रार्थना थांबवली असती. शेताच्या बांधावर मात्र मी भाकरीचं फडकं तसंच मांडीवर ठेवून ऐकत बसायची. आमच्या वाट्याच्या दीड एकरात लागण असली की त्या दिवशी मी हमखास रजा टाकायची. घरी सांगायची की बायांच्या चहापाण्याचं बघायचंय.

या आवाजाचा गावाला एक उपयोग होता. आमच्याकडे ऊस माणसापेक्षा उंच वाढतो आणि उसात बिबट्या असतो, हे काही कुणाला नवीन नाही. सकाळी अंधूक असताना उसाच्या मधल्या वाटेने जायचं तर आवाज करत जायचं, बोलत जायचं, असं सगळेच सांगतात. पुरुष मोबाइलवर गाणी लावून जातात. बाया साळूबाईला पुढे घालायच्या. तिने एकदा गळा मोकळा केला की बिबट्या काय, उसातले ससेही बांध सोडून जायचे. शेजारच्या वस्तीवरचे लोक दूध घालायला निघताना वाट बघायचे, साळूबाईची टोळी आली की तिच्या मागोमाग निघू म्हणून. सगळ्या शिवाराला तो आवाज हवा होता. शिवार संपून वेस लागली की तोच आवाज लोकांना मोठा वाटायचा.

त्या वर्षी आमच्या माडीवर इनेस राहायला होती. स्पेनची. जुन्नरच्या लेण्यांचा अभ्यास करायला आलेली. माझ्या भाच्याच्या ओळखीने चार महिने आमच्याकडे टेकली. वय माझ्याएवढंच, उंच, हाडापेराने मजबूत. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच शेजाऱ्याकडून मागून आणलेलं, त्यामुळे आमचं छान जमायचं. चूक झाली तरी दोघींनाही कळायची नाही. आंघोळ करताना ती मोठ्याने गायची आणि माझे सासरे देवपूजा थांबवून जिन्याकडे बघत बसायचे.

ती तिच्या गावातल्या एका गाणाऱ्या मंडळात होती. बायांना ते समजावून सांगताना माझी त्रेधा उडाली. भजनी मंडळासारखंच, पण टाळ नाही, मृदंग नाही, पेटी नाही. उभं राहून गायचं, आणि सगळ्यांनी एकदम वेगवेगळं गायचं. हे ऐकून आमच्या आळीतल्या बायांनी तोंडाला पदर लावला. एकीने तर विचारलं, मग त्यांना कुणी शिकवत नाही का.

सप्ताह दत्तजयंतीचा. दुपारी तासभर बायकांचं भजन असायचं. त्या वर्षी आमच्या महिला मंडळातली वरचा सूर लावणारी बाई बाळंतपणाला माहेरी गेलेली, म्हणून मीच साळूबाईला म्हटलं, या. ती धुतलेलं लुगडं नेसून आली, पायांच्या भेगांत अजून कांद्याच्या वाफ्याची माती होती. पेटीवर अण्णा. अण्णा म्हणजे गावाचं भूषण. ओझरपर्यंत त्यांना भजनाला बोलावणं असायचं. माणूस वाईट नाही. वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांची पट्टी काळी एक. पुरुषांच्या गळ्याला ती बरोबर बसते, आणि गावात भजन म्हणजे पुरुषांचं, म्हणून बायकाही वर्षानुवर्षं त्याच पट्टीत घशातल्या घशात पुटपुटायच्या. आमचं पुटपुटणं अण्णांना सुरेल वाटायचं.

साळूबाईने दुसऱ्या ओळीला सूर उचलला, बुडख्यावरून शेंडा उचलतात तसा. देवळाचा घुमट भरून गेला. खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला होता. अण्णांनी पेटी थांबवली. सगळं थांबलं. ते तिला शांतपणे म्हणाले, "बाई, हे शेत न्हाई. पेटीला धरून गाया येत आसंल तर गावं, न्हाईतर ऐकावं."

मागच्या खांबाला टेकून इनेस बसली होती. मला तिची लाज वाटली. म्हणजे तिच्यासमोर साळूबाईची लाज वाटली; आपल्याकडच्या बायका अशा आरडतात असं तिला वाटेल म्हणून. आणि मी, जिने साळूबाईला बोलावून आणलं होतं, ती म्हणाले, "साळूबाई, खालच्या पट्टीत म्हणा ना. पाहुण्या आहेत."

हेच ते वाक्य. साळूबाईने अण्णांकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे पाहिलं, पदर सारखा केला, उठली आणि चपला हातात घेऊन निघून गेली. त्यानंतर ती देवळात यायची, हात जोडायची, घंटा वाजवायची आणि जायची. तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी इनेसने विचारलं, त्या बाईंना काय झालं. मी म्हटलं, त्यांचा सूर चुकला. ती गोंधळली. म्हणाली, त्या चुकल्या नव्हत्या, पेटीच त्यांच्यासाठी फार खाली होती. हे वाक्य ती किती सहज बोलली. इतकी वर्षं मी फळ्यावर चूक आणि बरोबर लिहीत आले होते. पेटी खाली असू शकते हे मला सुचलं नव्हतं.

मग तिने लेणी सोडली आणि बांध धरला. पहिले दोन दिवस नुसती बसून ऐकत होती. तिसऱ्या दिवशी बूट काढून वाफ्यात उतरली आणि तिने लावलेली रोपं साळूबाईने तिच्या देखत उपटून पुन्हा लावली. तिने फोनवर गाणं भरून घेऊ का विचारलं. साळूबाई म्हणाली, घे की, गानं काय सरतंय व्हय. त्या रेकॉर्डिंगमध्ये सगळं आलं. खोकला आला, कुत्र्याचं भुंकणं आलं, आणि ऐन मधल्या कडव्यात पाटाचं पाणी बांध फोडून लावलेल्या वाफ्यात शिरलं तेही आलं. पाण्यावर रखमा होती, हातात फावडं घेऊन. साळूबाईने लागणीची लय मोडू नये म्हणून गाण्याच्याच चालीवर, त्याच उंच सुरात तिला हाक दिली, "पानी फुटलं गं रखमे, दारं मोड." म्हणजे या वाफ्याचं तोंड बंद कर, पाणी पुढच्या वाफ्याला दे. रखमा धावली, गाणं पुढे चालू.

दुपारी भाकरी खाताना इनेसने त्यांच्या मंडळाची गोष्ट सांगितली, मी मराठीत आणली. तिचं गाव संत्र्यांच्या बागांचं. संत्री निवडून खोक्यात भरायची मोठी शेड, तिथे या अकरा बायका कामाला. पट्ट्याचा आवाज एवढा की बोलणं ऐकू येत नाही, म्हणून गायच्या. एकदा त्यांना वाटलं, चर्चमध्ये गावं. तिथल्या मास्तरांनी त्यांच्यापुढे सुरांची लिपी ठेवली. एकीलाही वाचता आली नाही. परत पाठवलं. मग त्या काम सुटल्यावर शेडमध्येच, रिकाम्या खोक्यांवर बसून गायला लागल्या.

साळूबाईने भाकरीचा घास हातातच धरला होता. तिने विचारलं, "मास्तर काय म्हनला व्हता त्यांना?"

इनेसने सांगितलं आणि मी सांगितलं, की तुमचे आवाज बागेच्या या टोकापासून त्या टोकाला हाका मारायला चांगले आहेत.

साळूबाई हसली. "म्हंजी तितं बी आपला अण्णा हायेच," म्हणाली आणि घास तोंडात टाकला. मी मान खाली घालून ताक ढवळत बसले. त्या गोष्टीत मी कोण होते, हे तिने बोलून दाखवलं नाही. हा तिचा मोठेपणा मला आजही सोसत नाही.

थंडी सरता सरता इनेस गेली. पण तिच्या मंडळाची खबर दर वर्षी येत राहिली, आणि येत राहिली ती नेमकी याच दिवसांत, कारण त्यांच्याकडे संत्र्यांचा हंगामही हाच. पहिल्या फोटोत अकराच्या एकोणीस झाल्या होत्या. मुली आयांच्या शेजारी उभ्या होत्या. पुढच्या वर्षी शेडमधले दोन ट्रकवाले मागच्या रांगेत दिसले. इनेसने लिहिलं होतं, त्यांनी फार गळ घातली, म्हणून घेतलं, पण पाठीमागे उभं केलं. मी हे बायांना वाचून दाखवलं तेव्हा त्या वाफ्यातच टाळ्या पिटू लागल्या.

मग ते एका स्पर्धेला गेले आणि शेवटचे आले. इनेसचा निरोप आनंदाने भरलेला होता. आपल्याहून चांगलं कोण गातं हे आता कळलं, असं तिने लिहिलं होतं. पन्नाशीच्या बायका सुरांची लिपी गिरवायला बसल्या; एकीच्या वहीचा फोटो आला, तो मी माझ्या पहिलीच्या वर्गाला दाखवला. दोन वर्षं काही नाही. मग बक्षीस. मग दुसरं. मग लाल खुर्च्यांचं मोठं सभागृह आणि त्यात बेचाळीस जण. परदेशांतून बोलावणी. आणि प्रत्येक फोटोत पुढे, मंचाच्या मधोमध, संत्र्याचं एक जुनं लाकडी खोकं. त्यांना हाताने ताल दाखवणारी बाई त्याच खोक्यावर उभी राहते. एवढ्या मोठ्या जागी ते खोकं आणू नका असं कुणीतरी सुचवलं होतं म्हणे. मंडळाने कळवलं, खोकं येत नसेल तर आम्हीही येत नाही.

हे सगळं बघताना मला आनंद व्हायचा, पण पोटातही दुखायचं. दुसऱ्याची वाढ बघून पोटात दुखतं हे कबूल करायला मला आता लाज वाटत नाही. तिकडे अकराच्या बेचाळीस होत होत्या आणि इकडे अठराच्या नऊ. कुणाचे गुडघे गेले. कुणी नारायणगावला टोमॅटो निवडायला जाऊ लागल्या. दोघी-तिघींच्या घरी सुना नोकरीला लागल्या आणि नातवंडं यांच्या गळ्यात पडली. काही शेतकऱ्यांनी कांदा यंत्राने पेरायला सुरुवात केली, त्या वाफ्यांत कुणी गात नाही. गळे त्यांच्याकडे होते तसे आमच्याकडेही होते. त्यांना मात्र एक शेड मिळाली, जिथून त्यांना कुणी उठवलं नाही. आमच्याकडे एक देऊळ होतं आणि तिथून मी स्वतः उठवलं होतं.

माफी मी मागितली का? मागितली, तिसऱ्या वर्षी, उसाच्या वाटेवर, घाईघाईत. साळूबाई म्हणाली, जाऊ द्या बाई. असं 'जाऊ द्या' म्हटलं की ते जात नाही.

या वर्षी कार्तिक संपता संपता व्हिडिओ आला. मी फोन घेऊन थेट शेतात गेले. नऊ बाया कांद्याच्या वासाचे हात लुगड्याला पुसत भोवती बसल्या. काळ्या कपड्यांतली बेचाळीस माणसं, पुढे ते खोकं, आणि शांततेतून खालून एक जाड सूर उठला. 'खाचरात पाणी.' उच्चार बोबडे, पण बुडखा बुडख्याच्या जागी. मग वरून शेंडा आला. मी बायांकडे बघितलं; एकीचीही पापणी हलत नव्हती.

मधलं कडवं आलं. बेचाळीस जणांनी हात जोडल्यासारखे छातीशी धरले, आवाज अगदी हळू केला आणि देवाला आळवावं तसं, चार वेगवेगळ्या सुरांत गायला लागले, 'पानी फुटलं गं रखमे, दारं मोड.' एकदा नव्हे, दोनदा. दुसऱ्यांदा तर एका बाईने डोळे मिटले.

क्षणभर कुणाला समजेना. मग रखमा बांधावर बसकण मारून हसायला लागली. माझं नाव, माझं नाव, एवढंच तिला बोलता येत होतं. नऊच्या नऊ बाया लोळायच्या बाकी राहिल्या. हसून हसून डोळ्यांना पाणी आलं, आणि त्या नादात पाटाचं पाणी खरंच एका वाफ्यात फुटलं तरी कुणी उठलं नाही.

हसणं ओसरल्यावर साळूबाईने परत लावायला सांगितलं. तोंडावर पदर धरून तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "माजा वरचा सूर त्यांनी हाय तितंच ठिवलाय. खाली न्हाई आनला."

माझ्याकडे बघून म्हणाली की सहज म्हणाली, मला कळलं नाही. मी फोन पदराला पुसत राहिले.

व्हिडिओ गावात पसरायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी वेशीवर फ्लेक्स: आमच्या गावाचं गाणं साता समुद्रापार. खाली पंधरा फोटो. त्यांत टोळीतली एकही बाई नव्हती. दुधाच्या डेअरीपुढे माणसं एकमेकांना व्हिडिओ दाखवत होती आणि लई भारी म्हणत होती. जे गाणं पन्नास वर्षं त्यांच्याच शेतात, त्यांच्याच कांद्यावर गायलं जात होतं, ते त्यांना स्पेनहून आल्यावर ऐकू आलं. मला अभिमान वाटावा अशी सगळ्यांची अपेक्षा होती. माझी कानशिलं तापली होती.

सप्ताहाच्या आधी देवळाचे चार पंच आणि अण्णा माझ्या ओसरीवर आले. ठरलं होतं असं की दत्तजयंतीच्या दुपारी देवळात पडदा लावून व्हिडिओ दाखवायचा, मग साळूबाईच्या टोळीचा शाल-नारळ देऊन सत्कार. तुम्ही त्यांना तेवढं सांगा, म्हणाले. मी म्हटलं, तुम्हीच सांगा, आणि साळूबाईला बोलावून आणलं. ती ओसरीच्या खालच्या पायरीवर टेकली. मी वर येऊन बसा म्हटलं. ती आली आणि अण्णांच्या समोर बसली.

सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "नारळ घरी हाय. गाया बोलवत आसाल तर येतो आमी. पट्टी आमची."

पंचांनी एकमेकांकडे बघितलं. एक जण म्हणाला, म्हणा की दोन ओळी, त्यात काय एवढं. अण्णा मात्र म्हणाले की देवळात पेटीशिवाय गाणं होत नाही, पेटी राहीलच. साळूबाई हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. ते गेल्यावर मी तिला विचारलं, परत तसंच झालं तर?

"तर मी उठनार न्हाई," ती म्हणाली. "तवा उठले तेच चुकलं."

दत्तजयंतीच्या दुपारी देऊळ भरलं होतं. दोन खांबांना पांढरा पडदा. बेचाळीस जण गायले, टाळ्या पडल्या, रखमाच्या ओळीला पुरुष गंभीरपणे माना डोलवत होते आणि बायकांच्या बाजूला खसखस पिकली होती. शाली झाल्या. मग टोळी बसली, पाच आणि चार, समोरासमोर, वाफ्यात बसतात तशी. कुणीतरी म्हणालं, लोकांकडं तोंड करा. त्या हलल्या नाहीत. मास्तरीण म्हणून मला मानाची जागा, पेटीच्या अगदी शेजारी.

अण्णांनी काळी एक धरली. मला वाटतं, त्यात त्यांचा दुष्टावा नव्हता. त्यांची बोटं चाळीस वर्षं तिथेच पडत आली होती. बुडख्याने स्वतःच्या सुरात सुरुवात केली. पेटी खाली, बाया वर. अण्णांनी भाता जोरात मारला. दोन पट्ट्या एकमेकींना ढकलू लागल्या, बुडख्यातली एक म्हातारी अडखळली, आणि मला लोकांच्या चेहऱ्यांवर बारा वर्षांपूर्वीचं तेच दिसायला लागलं. अण्णांचा हात थांबायला आला, मान वर झाली. आता ते बोलणार होते. साळूबाई बसून होती. ती कुणाकडेही बघत नव्हती.

मी हात पुढे केला, पेटीचा भाता दाबून बंद केला आणि त्याची कडी लावली.

"अण्णा, राहू द्या," मी म्हणाले. "आज पट्टी त्यांची."

माझा आवाज एवढा मोठा निघाला की मीच दचकले. माझ्याजवळ शाळेत असताना वर्गासाठी एक आवाज होता. हा तो नव्हता. मग मी मानाची सतरंजी सोडून उठले आणि बुडख्याच्या रांगेत जाऊन बसले, कारण तिथे एक कमी होती. माझा गळा जाड आहे, गाता येत नाही, पण खाली चिकटून राहता येतं. म्हातारीने पुन्हा ओळ उचलली. खाचरात पाणी, पाण्यात आभाळ. ती संपायच्या आत साळूबाईने वरून घेतली.

त्या सुराचं वर्णन मी करणार नाही. ज्यांनी ऐकला त्यांनी ऐकला, आणि ज्यांनी बारा वर्षं ऐकू दिला नाही त्यांनीही ऐकला. एकदा नजर गेली तेव्हा अण्णा बंद पेटीकडे बघत होते. त्यांचं बोट वारा नसलेल्या पट्ट्यांवरून सावकाश सरकत होतं, आणि काळी चारवर येऊन थांबलं. तिथेच होता तिचा सूर. ते बोट त्यांनी शेवटपर्यंत उचललं नाही.

मधल्या कडव्याशी साळूबाईने मान वळवून रखमाकडे बघितलं. देवळात ना पाट होता, ना वाफा. तिने पूर्ण गळ्याने हाक दिली, पानी फुटलं गं रखमे, दारं मोड. आणि बायकांच्या बाजूने, खांबांमागून, दाराच्या उंबऱ्यावरून उत्तर आलं. टोळी सोडून गेलेल्या, गुडघे गेलेल्या, नारायणगावला टोमॅटो निवडणाऱ्या, नातवंडं मांडीवर घेतलेल्या, सगळ्या. कुणी खालून घेतलं, कुणी वरून. कुणी त्यांना शिकवलं नव्हतं आणि कुणी गप्प बसवलं नाही. मी मोजल्या नाहीत. बेचाळिसांहून जास्त असाव्यात.

देवळातल्या त्या दुपारचा, पडद्यापासून शेवटपर्यंतचा, कुणीतरी फोनवर घेतलेला व्हिडिओ मी इनेसला पाठवला. दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं. मंडळाने तो शेडमध्ये भिंतीवर लावून बघितला होता. आणि सगळ्यांचा एक प्रश्न होता: ती मधली ओळ, जी आम्ही एवढ्या भक्तीने गातो, ती ऐकून तुमच्या बायका का हसतात? तिचा अर्थ काय? आम्ही काही चुकतोय का? चुकत असलो तर काढून टाकतो.

चूक की बरोबर, हे ठरवायची मला तीस वर्षांची सवय. मी चष्मा लावला आणि बऱ्याच वेळाने लिहिलं: पाणी बांध फोडून बाहेर पडलं आहे, त्याला पुढची वाट करून दे, असा अर्थ आहे. तेव्हा ते गाणं नव्हतं, काम होतं. आता गाणं आहे. काढू नका, आणि हळू गाऊ नका.

उद्या सकाळी आमच्या दीड एकरात लागण आहे. साळूबाईचा निरोप आलाय, बुडख्यात एक कमी आहे, गुडघे दुखत असले तर बसायला लाकडी पाट घेऊन या.